वार्धक्य आणि कंठातील ग्रंथी



विड्या वळून ज्यांनी संसार उभे केले, अशा कित्येक वृद्धा निपाणीच्या परिसरात आढळतात. त्यांतील एखादी हल्ली कोपरा धरून बसते. भर उन्हाळ्यात अंगावर घोंगडी, आवाज घोगरा, चेहरा सुजट, शौचास साफ नाही, आणि सांगितलेले ध्यानात राहत नाही. घरची माणसे म्हणतात, वय झाले. वय झाले हे खरेच. परंतु कंठातील ज्या ग्रंथीस आता सर्वत्र थायरॉईड म्हणतात, तिचा स्राव उणा पडला म्हणजेही हीच लक्षणे दिसतात, आणि त्यावर औषध आहे. रक्ताची एक तपासणी न करता सारा दोष वयाच्या माथी मारणे हा त्या जीवावर अन्यायच होय.

गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेतही आहे. मात्र वृद्धाचा गळा सुजतोच असे नाही, म्हणून विकार लपून राहतो. इंग्लंडात १८९१ साली डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका स्त्रीस बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. आज त्या अर्काच्या जागी लहानशी गोळी आहे.

स्राव अधिक झाला तर तरुणाचे हात कापतात, तो अस्वस्थ होतो. वृद्ध मात्र पुष्कळदा नुसता वाळत जातो, उदास होतो. नाडी अनियमित झाल्यास पक्षाघाताचेही भय असते.

मिठाविषयी थोडेसे. १९६२ साली भारत सरकारने गलगंड-नियंत्रणाचा कार्यक्रम आरंभिला, तो आयोडीनयुक्त मिठाच्या आधारावर. उपवासाचे सैंधव बहुधा तसे नसते; व्रतस्थांनी वर्षभर केवळ तेच खाणे इष्ट नव्हे. तथापि आयोडीन पुरेसे मिळत असताही, शरीराची संरक्षक शक्तीच ग्रंथीवर उलटल्याने उतारवयात हा विकार होतो. तो मिठाने टळत नाही.

म्हणून प्रत्येक वृद्धास गोळी द्यावी काय? मुळीच नाही. तपासणीतील टी.एस.एच.चा आकडा वयोमानाने किंचित वाढतो. पासष्टीपुढील ७३७ जणांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असा थोडाच वाढलेला आकडा असणाऱ्यांना वर्षभर गोळी देऊनही त्यांच्या त्रासात उतार पडला नाही. गोळी अधिक झाल्यास हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात. यास्तव वृद्धांना, विशेषतः हृदयरोग्यांना, ती अल्प मात्रेनेच सुरू करतात.

ती पहाटे, पूजेपूर्वी, उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. बरे वाटू लागताच ती आपल्या मनाने सोडू नये.

निपाणीकराला कोल्हापूर जवळचे, बेळगाव दूरचे. उपचारासाठी दोन्हीकडे जाणे घडते. तेव्हा मागील तपासण्यांचे सर्व कागद एका पिशवीत घालून प्रत्येक वेळी सोबत न्यावेत.