स्वमग्न तरुणांची नोकरी आणि त्यांचा स्वतःचा शब्द
(वार्षिक संमेलनातील पालक-विद्यार्थी सभेत दिलेले व्याख्यान)



विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा डॉक्टरांचा विषय आहे, येथे कशाला? ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, त्यावर अलीकडे पुष्कळ बोलले जाते. परंतु ते सारे लहान मुलांविषयी असते. मूल मोठे होते, ही साधी गोष्ट विसरली जाते. दहावीच्या परीक्षेला मंडळ अशा मुलांना जादा वेळ देते, लेखनिक देते. बरे, मुलगा पास झाला. पुढे काय? "आमच्या पाठीमागे याचे कसे होणार?" हे प्रत्येक आई विचारते. आपल्या घरांत आणखी एक प्रश्न असतो, तो मोठ्याने विचारला जात नाही. बहिणीच्या निकाहाची बोलणी करायला पाहुणे येतात तेव्हा या मुलाला कोणत्या खोलीत बसवायचे? ज्याला पाहुण्यांपासून लपविले, त्याला उद्या नोकरीसाठी कोणापुढे उभे करणार आहोत?

प्रथम थोडे शब्दाविषयी. 'स्वमग्न' हा शब्द मला फारसा पसंत नाही. हा माणूस स्वतःतच गुंग आहे, त्याला इतरांची पर्वा नाही, असा त्यातून भास होतो. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. त्याला भोवतालचे फार जास्त जाणवते. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटचा थरथराट, अनपेक्षित स्पर्श, हे आपण सहज विसरतो, त्याला ते विसरता येत नाही. मशिदीत सफमध्ये खांद्याला खांदा लागला की जो मुलगा मागे सरकतो, त्याला आपण बेअदब म्हणतो. त्याच्या त्वचेला तो स्पर्श कसा लागतो, हे त्याला कोणी विचारलेले नसते. शब्दांचा सरळ अर्थ घेणे, ठरलेला क्रम मोडला की अस्वस्थ होणे, आवडत्या विषयात खोल जाणे, ही त्याच्या मेंदूची जन्मजात ठेवण आहे. हा संगोपनाचा दोष नव्हे. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे वीसेक वर्षे तेथील तज्ज्ञ आईच्या थंडपणाला दोष देत राहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने ते मत पुस्तक लिहून खोडून काढले. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. आपल्याकडे मात्र आईला अजूनही बोल लावला जातो, हे दुर्दैव.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पालक बोलले, डॉक्टर बोलले, पण ज्यांच्याविषयी सारे चालले होते ते कधी बोलले? जिम सिंक्लेअर या अमेरिकेतील स्वमग्न व्यक्तीने १९९२ साली काही सहकाऱ्यांसह स्वमग्न माणसांनी स्वतः चालविलेली संघटना उभी केली. पुढच्याच वर्षी टोरंटो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत सिंक्लेअर पालकांपुढे उभे राहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की तुम्ही ज्या मुलाची वाट पाहत होता ते आले नाही म्हणून शोक करता, पण जे आले आहे ते जिवंत तुमच्यासमोर आहे, आणि त्याला तुमच्या शोकाचा उपयोग नाही. भाषण कठोर होते. ऐकणाऱ्या आईबापांना ते लागले असणार, आणि मला वाटते ते लागायलाच हवे होते.

त्याच दशकाच्या अखेरीस स्वमग्न माणसांच्या आपसांतील विचारविनिमयातून 'न्यूरोडायव्हर्सिटी' म्हणजे मेंदूंचे वैविध्य ही कल्पना पुढे आली. ऑस्ट्रेलियातील ज्युडी सिंगर यांच्या १९९८ सालच्या प्रबंधात ती मांडलेली आहे. पुढे २००६ साली अमेरिकेत एरी नेमन या स्वमग्न तरुणाने सहकाऱ्यांसह 'ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क' ही संस्था स्थापली. "आमच्याविषयी, पण आमच्याशिवाय काही नको" ही अपंगांच्या चळवळीतील घोषणा तिने आपली मानली. २००७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चाइल्ड स्टडी सेंटरने जाहिराती लावल्या. जणू ऑटिझमने मुलाला पळवून नेले आहे आणि तोच खंडणीखोराच्या भाषेत आईबापांना चिठ्ठी लिहितो आहे! हेतू चांगला होता. पण ती चिठ्ठी रस्त्यात वाचणाऱ्या स्वमग्न मुलाला काय वाटेल? नेमन यांच्या संस्थेने इतर अपंग संघटनांना बरोबर घेऊन निषेध केला आणि त्याच महिन्यात जाहिराती मागे घेतल्या गेल्या.

यावर आक्षेप आहे, आणि तो पालकांचाच आहे. हे बोलणारे, लिहिणारे लोक. आमचा मुलगा एक शब्द बोलत नाही, त्याच्या वतीने हे कसे बोलणार? आक्षेप खरा आहे, आणि त्याला चोवीस तास सांभाळणाऱ्या आईपुढे कोणी वैविध्याची व्याख्याने झोडू नयेत. तथापि न बोलणारा मुलगाही ताट दूर सारतो, चित्रावर बोट ठेवतो, एका रस्त्याने जायला नकार देतो. ते त्याचे म्हणणेच आहे. घरात ज्याच्या 'नको'ला कधी किंमत मिळाली नाही, तो कारखान्यात मुकादमाला "हा आवाज मला सोसत नाही" असे सांगणार नाही. तो एक दिवस काम टाकून निघून जाईल, आणि आपण म्हणू, पाहा, याला नोकरी झेपत नाही.

नोकरीच्या बाबतीत एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. डेन्मार्कमधील थॉर्किल सोन हे दूरसंचार कंपनीत नोकरीला होते. मुलगा स्वमग्न असल्याचे समजल्यावर त्यांनी पुढे २००४ साली अशा लोकांना कामावर घेणारी 'स्पेशलिस्टर्न' ही कंपनी काढली. तेथे गप्पांच्या मुलाखतीवर निवड होत नसे. उमेदवाराला लेगोचे यंत्रमानव जोडायला देत आणि तो काम कसा करतो ते पाहत. २०१३ साली एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने त्यांच्याशी सहकार्य जाहीर केले, आणि त्या आधीच बंगळूरच्या शाखेत सहा स्वमग्न व्यक्तींना संगणक प्रणाली तपासण्याच्या कामावर घेतले होते. २०२० पर्यंत आपल्या नोकरवर्गात एक टक्का स्वमग्न असतील असे कंपनीने म्हटले होते. तेवढे झाले नाही. तरीही मुलाखतीतील हसतमुख संभाषण म्हणजे कामाची लायकी नव्हे, एवढे मात्र त्यातून दिसले.

पण त्यातून एक नवा गैरसमजही निघाला. स्वमग्न म्हणजे संगणकातील जादूगार! लगेच बाप विचारतो, "याच्यात कोणती खास कला आहे?" असलीच पाहिजे का? आपल्या साध्या मुलांना आपण हे विचारतो का? कुणी चांगला बाइंडर होईल, कुणी ग्रंथालयात पुस्तके लावील, कुणी बेकरीत अचूक वजन करील, कुणी फार थोडे काम करील.

२०१० सालचा 'माय नेम इज खान' आपण पाहिला असेल. बोरिवलीचा रिझवान अमेरिकेत जातो आणि भावाच्या धंद्यात माल विकायला लागतो. हे आपल्या समाजाच्या रीतीला धरून आहे. आपल्या मुलाला पहिले काम मामाच्या दुकानात मिळते, चाचाच्या गॅरेजमध्ये मिळते. ही मोठी दौलत आहे. परंतु तेथेच एक अन्यायही वाढतो. "घरचाच आहे" म्हणून त्याला पगार नसतो. ईदला कपडे, दोन वेळचा चहा, आणि वर उपकाराची भाषा. जे काम दुसऱ्या पोराने केले असते तर त्याला मजुरी दिली असती, त्याची मजुरी याला दिलीच पाहिजे, आणि ती त्याच्या हातात दिली पाहिजे.

आणि काम सांगायचे कसे? ब्रिटनमधील डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने २०१२ साली मांडले की, समजण्यातला अडथळा दोन्ही बाजूंनी असतो. तो आपल्याला कळत नाही तसे आपणही त्याला कळत नाही. आपली बोलण्याची तऱ्हाच पाहा. "जरा बघून घे", "हे तिकडे टाक", "पाच मिनिटांत येतो", "उद्या थोडा लवकर ये". यात एकही गोष्ट नक्की नाही! "पावणेनऊला ये, निळे गठ्ठे खिडकीजवळच्या फळीवर लाव, झाले की मला सांग," असे कागदावर लिहून दिले तर तोच मुलगा बिनचूक काम करील. बसण्याची जागा रोज बदलू नये. काम बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे. आवाज बोचत असेल तर कानांवर झडपा घालू द्याव्यात. जेवणाच्या सुट्टीत तो एकटा बसला तर त्याला ओढून मैफलीत आणू नये. याला खर्च किती येतो?

ही काही परदेशातून आलेली रीत आहे असे समजू नका. हजरत अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम (रजि.) अंध होते. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना ते स्वतः येऊन प्रश्न विचारू लागले, आणि त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही म्हणून सूरह अबस उतरली, हे आपण मदरशात शिकलो. पुढचा भाग आपण कमी सांगतो. प्रेषितांनी (स.) त्यांना अजानचे काम दिले, पहाटेच्या अजानचे, जे प्रकाश पाहून ठरवायचे असते. व्यवस्था अशी होती की, सकाळ झाली असे लोक त्यांना सांगत आणि मग ते अजान देत. मोहिमेवर जाताना मदिनेत नमाज पढविण्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपविली गेली. अंधत्व आणि स्वमग्नता एक नव्हेत. पण काम काढून घेतले गेले नाही, कामाभोवतीची व्यवस्था बदलली गेली, हे लक्षात घ्यावे.

आजचा कायदा यालाच वाजवी सोय म्हणतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार असून त्यांत ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांतील किमान ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आदी गटांसाठी मिळून आहे. त्यासाठी किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते, म्हणून विद्यार्थ्यांनी ते अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट न पाहता काढावे. मुलाखतीत आपली स्थिती सांगावी की नाही, असे काही मुले विचारतात. हा निर्णय त्या मुलाचा आहे, बापाचा नाही. माझे मत एवढेच की, सोय हवी असेल तर सांगावे लागते, आणि सांगताना आजाराचे नाव घेऊन थांबू नये. "मला सूचना लेखी द्या" असे नेमके मागावे.

शेवटी पदाधिकाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, असे याच कायद्याचे कलम २१ सांगते. आपल्या संस्थेत शाळा आहेत, कार्यालय आहे, ग्रंथालय व प्रयोगशाळा आहेत, म्हणजे आपणही मालक आहोत. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि त्या बैठकीला आपल्याच एखाद्या स्वमग्न माजी विद्यार्थ्याला बोलवावे. प्रश्न चार दिवस आधी लिहून पाठवावेत. त्याची खुर्ची दाराजवळ असावी, म्हणजे मध्येच बाहेर जाता येईल. उत्तर त्याने लिहून आणले तर ते वाचून दाखवू द्यावे. वडील बरोबर आले तर त्यांनी अवश्य बसावे, मात्र प्रश्न मुलाला विचारावा.