नाण्यावरील खोट : टाकसाळीची की वापराची?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही 'नाणी' असे उत्तर दिले. ते किंचित हसले. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. जन्म गेला मुलांकडून पाढे घोकून घेण्यात. परंतु गतवर्षी आपल्या ज्ञातीतील एका वृद्ध भगिनीवर जो प्रसंग ओढवला, तो आपणांपैकी कित्येकांस ठाऊक आहे. त्यांच्याजवळ कड तुटलेले पाच रुपयांचे एक नाणे होते. 'ही टाकसाळीची दुर्मिळ चूक, दोन लाख मिळतील,' असे कोणा इसमाने दूरध्वनीवरून सांगितले आणि नोंदणी, कर, दलाली अशा नावांखाली त्यांच्याकडून तीन वेळा पैसे उकळले. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण पडत नाही, त्यासाठी शुल्क वा दलाली मागत नाही आणि तसा अधिकार कोणास दिलेलाही नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते. नाणे मागाहून आमच्याकडे आले. कड कानशीने घासलेली होती! हे ओळखावयास आम्हांस दोन मिनिटे लागली. ती दोन मिनिटे आधी मिळाली असती, तर त्या बाईंचे पैसे वाचले असते.

नाणे जन्मते कसे, एवढे समजले की बाकीचे आपोआप उलगडते. धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, त्यांची कड दाबून किंचित उचलतात, आणि मग कड्यात धरलेल्या चकतीवर वरून व खालून ठसे दाबतात. या कामात जे चुकले, ती टाकसाळीची चूक. नाणे बाहेर पडल्यावर जे झाले, ती इजा. मग ती आगीत होवो, रुळाखाली होवो, की एखाद्या उद्योगी माणसाच्या हातून होवो.

ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच उमटते. भगिनींना हे सांगावयास नकोच. मोदकाच्या साच्यास तडा गेला, तर प्रत्येक मोदकावर रेघ उठून दिसते. मोदकास नख लागले, तर खाच पडते. तसेच येथेही. बोट फिरवावे, भिंगातून पाहावे. रेघ वर आलेली असेल, तर ठशास तडा गेला होता असे समजण्यास जागा आहे; खोल असेल, तर बहुधा तो ओरखडा होय. मात्र खोल ओरखड्याच्या काठांशीही धातू थोडा वर सरकतो, तेव्हा उंच रेघेशेजारी खाच नाही ना, हे पाहून घ्यावे.

कड तुटलेल्या नाण्याचेही असेच. पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर गेली, तर पुरी चंद्रकोरीएवढी उणी निघते. टाकसाळीत पट्टी पुरेशी पुढे न सरकल्यास चकतीही अशीच निघते. पण अशा चकतीची कड उचलताना उण्या भागाच्या बरोबर समोर दाब नीट बसत नाही, म्हणून तेथील किनार पुष्कळदा फिकी असते. आणि उण्या भागाजवळची अक्षरे पसरट, विरघळल्यासारखी दिसतात. मागाहून कापलेल्या नाण्यात समोरची किनार ठसठशीत असते आणि अक्षरे सुरीने चिरल्यासारखी थांबतात. त्या बाईंच्या नाण्याचे नेमके असेच होते.

एक चूक मात्र कोणत्याही इजेने उत्पन्न होत नाही. राजमुद्रा सरळ धरून नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटावे. आपल्या आजच्या नाण्यांची मागील बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती आडवी वा उलटी आली, तर ठसा फिरलेला होता.

उलट, जे चूक नव्हेच त्यासही लोक चूक म्हणतात. सालाखाली खूण नाही म्हणून एक गृहस्थ फार हर्षले होते. मुंबईची खूण पत्त्यांतील चौकटीसारखी, हैदराबादची चांदणी, नोएडाची टिंब. कोलकाता टाकसाळ खूण घालीतच नाही! दहा रुपयांच्या नाण्याचे तर चौदा प्रकार चलनात असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितले आहे. त्यांतील काहींवर रुपयाचे चिन्ह नाही, आणि दुकानदार उगीच ती नाणी नाकारतात.

आता लाखी नाण्याविषयी. एखादे नाणे ठशास चिकटून राहिले आणि पुढची चकती त्यावर दाबली गेली, तर तिच्या दोन्ही बाजूंस एकच चित्र उमटते. एकीकडे उठावाचे, दुसरीकडे खोलगट व आरशातल्यासारखे उलटे. असे नाणे घरात असल्यास लक्ष्मी नांदते, असा समज आहे. आमच्या वडिलांच्या देव्हाऱ्यात पंचम जॉर्जच्या छापाचा असा एक पैसा होता. लक्ष्मीपूजनास तो प्रथम धुतला जाई. वाटणीच्या वेळी आमच्या धाकट्या बंधूंनी तांब्याचा मोठा हंडा सोडून तो पैसा मागून घेतला.

पुढे आम्हांस हा नाद लागला आणि एका दिवाळीस आम्ही तो पैसा भिंगाखाली धरला. राजाच्या खोल चेहऱ्याखाली 'पाव आणा' दर्शविणारी मूळ इंग्रजी अक्षरे चेपलेल्या स्थितीत शिल्लक होती. खऱ्या लाखी नाण्यावर ती असूच शकत नाहीत, कारण त्या बाजूस तो ठसा कधी पोचतच नाही. पलीकडचा उठावाचा चेहराही नाकाशी सपाट झाला होता. दोन पैसे एकमेकांवर ठेवून कोणीतरी शेगड्यात आवळले होते, एवढाच त्याचा अर्थ. बंधूंनी विचारले, "काय दादा, खरे ना?" वर्गात चुकीच्या उत्तरावर फुली मारताना आमचा हात कधी अडखळला नाही. त्या दिवशी अडखळला. शेवटी भिंग त्यांच्या हाती देऊन आम्ही अक्षरे दाखविली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पैसा पुसून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला. हंड्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. आम्हीच तो हंडा पुढल्या आठवड्यात त्यांच्या घरी पोचविला.

चहापानानंतर आम्ही दाराशेजारच्या खिडकीत, उजेडाच्या बाजूस बसणार आहोत. भिंग, चुंबक आणि लहान तोलकाटा बरोबर आणला आहे. ज्यांनी नाणी आणली असतील त्यांनी ती न घासता, न धुता, आहेत तशीच दाखवावीत.