घरबसल्या फ्रेंच : पुस्तक कसे निवडावे?



मला भाषणाचे निमंत्रण आले तेव्हा चालकांची समजूत अशी होती की मी कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन. मी ‘फ्रेंच शिकण्याची पुस्तके’ हा विषय कळवला, तेव्हा आपले चिटणीस हसले. त्यांचे हसणे रास्त आहे. मी नववी नापास झालेला माणूस. माझी हयात बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या गेटवर गेली. अशा माणसाने फ्रेंच भाषेवर काय बोलावे? परंतु या विषयाशी माझी गाठ शाळेत पडली नाही, ती एका यंत्रापाशी पडली. तेवढी हकिकत आधी ऐकून घ्या.

१९९० नंतरची गोष्ट. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी हेल्पर होतो. आमच्या खात्यात फ्रान्समधून एक वापरलेले कापणी-यंत्र आले. त्याच्या झाकणावर पत्र्याची लाल पाटी होती. त्या पाटीवरचे एक अक्षरही आम्हां कोणाला उमगत नव्हते. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात रात्रपाळीला माझ्या एका सोबत्याने अडकलेला माल काढण्यासाठी ते झाकण उघडले आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. चौकशीत व्यवस्थापनाने सांगितले की सूचना यंत्रावर लावलेली होती, कामगाराने ती पाळली नाही.

मी त्या पाटीवरची अक्षरे विडीच्या बंडलाच्या कागदावर जशीच्या तशी उतरवून घेतली आणि पालघरला एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांच्याकडे एक जुना शब्दकोश होता. पाऊण तास पाने उलटल्यावर अर्थ लागला. पाच शब्द होते : ‘कूपे ल कूराँ आव्हाँ दूव्रीर’. म्हणजे, उघडण्यापूर्वी वीज तोडा. त्यातला ‘कूराँ’ म्हणजे आपला ‘करंट’. जो शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा उच्चारत होतो, तो डोळ्यांसमोर लिहिलेला असून आम्हांला ओळखू आला नाही.

कारखान्यात लावायच्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही असाव्यात, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १०८ व्या कलमात होते. त्याच तत्त्वावर आम्ही भांडलो. सोबत्याला भरपाई मिळाली आणि यंत्रावर मराठी-हिंदी पाट्या आल्या. बोटे मात्र परत आली नाहीत. त्या यंत्राबरोबर दीड-दोनशे पानांचे एक माहितीपुस्तकही आले होते. ते स्वतः वाचायचे, असे मी त्या दिवशी ठरवले.

इथून माझी पुस्तकांची यातायात सुरू झाली. मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून मी पहिले पुस्तक आणले. थोड्या महिन्यांत फ्रेंच येईल असे मुखपृष्ठावर आश्वासन होते. आत हॉटेलात खोली कशी मागावी आणि दुकानात टोपी कशी विकत घ्यावी याचे धडे. मला टोपी घ्यायची नव्हती, मला यंत्र थांबवायचे होते. सातव्या धड्यावर ते पुस्तक फळीवर गेले. चूक पुस्तकाची नव्हती. ते प्रवाशासाठी लिहिले होते आणि घेतले कामगाराने. दुसऱ्या वेळी मी एक साधे व्याकरण आणि एक कोश घेतला, आणि थेट त्या माहितीपुस्तकाच्या सुरक्षेच्या प्रकरणावर बसलो. रोज अर्धे पान. सात-आठ महिन्यांत ते प्रकरण वाचून झाले.

पुढे एकदा फ्रान्सहून एक इंजिनिअर आले. मी मोठ्या ऐटीत पुढे झालो. ते बोलू लागले आणि मला त्यातला एक शब्द कळेना. पाट्या वाचणारा मी माणसापुढे मुका ठरलो. फ्रेंचमध्ये लिहिलेली पुष्कळ अक्षरे उच्चारात येत नाहीत, आणि मी तर सारे डोळ्यांनी शिकलो होतो. तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणते पुस्तक चांगले?’ हा नव्हे. ‘मला ही भाषा कशासाठी हवी?’ हा पहिला प्रश्न आहे.

लोकमान्यांचे उदाहरण घ्या. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे ते मंडालेच्या तुरुंगात होते. तिथे शिक्षकाविना, पुस्तकांवरून त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचा अभ्यास केला. त्यांना हवे होते ते परकी पंडितांचे ग्रंथ मुळातून वाचणे. तुरुंगाच्या खोलीत फ्रेंच बोलणार कोणाशी? हेतू स्पष्ट होता, म्हणून साधनही नेमके निवडता आले.

वाचण्यापुरती भाषा हवी असेल तर व्याकरण, कोश आणि आपल्या कामाचे एक पुस्तक एवढे पुरते. बोलायची असेल तर आवाजाशिवाय पाऊल टाकू नये. लिंग्वाफोनचे काम १९०१ साली सुरू झाले आणि ध्वनिमुद्रिकांवरून भाषा शिकवणे त्याने रूढ केले. १९२९ साली आल्फाँस शेरेल यांनी असिमिल ही माला काढली. तिची रीत मला पटते : रोज एक छोटा संवाद ऐकायचा, समजून घ्यायचा आणि पाठांतराचा हट्ट धरायचा नाही. पन्नासएक धडे झाले की मागे वळून पहिल्या धड्यापासून स्वतः वाक्ये बनवायची. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी केलेला जुना पाठ्यक्रम आज फुकट मिळतो. त्यात एकच वाक्य वीस प्रकारे घोटून घेतात. रुक्ष आहे, पण जीभ वळते. फोनवरचे डुओलिंगोसारखे खेळ रोजची सवय लावतात, पण नियमामागचे कारण समजावून घ्यायला जवळ एक व्याकरण हवेच.

आणखी एक गोष्ट. ही बहुतेक पुस्तके इंग्रज माणसासाठी लिहिलेली आहेत. त्याला जे अवघड, ते आपल्याला अवघड असेलच असे नाही. टेबल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे ऐकून इंग्रज चक्रावतो. आपल्याकडे तर खुर्ची ‘ती’, पलंग ‘तो’ आणि टेबल ‘ते’! ‘त्यु’ आणि ‘व्हू’ यांतला भेद त्याला पानेच्या पाने समजावतात. आपल्या पोराला तू आणि तुम्ही आईच्या मांडीवर कळते. फ्रेंचमधला त आणि द इंग्रजीपेक्षा आपल्या त-द ला जवळचा आहे. ऐंशीला फ्रेंच माणूस ‘चार विसा’ म्हणतो, आणि आपल्या खेड्यांतली म्हातारी माणसेही ‘चार इसा’च म्हणत आली आहेत. उलट, नामाआधी येणारी ‘ल’, ‘ला’ ही उपपदे आणि ‘माझ्याजवळ आहे’ यासाठी असलेले स्वतंत्र क्रियापद आपल्याकडे नाही. तिथे आपण अडखळणार, आणि इंग्रजांसाठीचे पुस्तक तिथूनच भरभर पुढे जाते. म्हणून पुस्तक घेण्यापूर्वी पहिला धडा पाहू नका. पहिला धडा सगळ्यांचाच गोड असतो. विसावा धडा उघडा. तो स्वतःच्या बळावर समजेल अशी पायरी मध्ये बांधली आहे का, उत्तरे मागे दिली आहेत का, प्रत्येक संवादाला आवाज आहे का, एवढे पाहा.

गेल्या वर्षी बोईसरच्या एका कंत्राटी कामगाराची मुलगी युनियनच्या कचेरीत आली. तिला कॅनडाला जायचे होते. सगळ्या पायऱ्यांची फी एकदम भरली तर सवलत, असे एका क्लासने सांगितले होते आणि बाप कर्ज काढायला निघाला होता. मी विचारले, “परीक्षा कोणती द्यायची?” ती म्हणाली, “डेल्फ.” आता, डेल्फ ही फ्रान्सच्या शिक्षण खात्याची परीक्षा १९८५ पासून आहे, तिचे प्रमाणपत्र कधी बाद होत नाही. पण कॅनडाच्या केंद्र सरकारच्या एक्सप्रेस एंट्रीला ते चालत नाही. तिथे टेफ किंवा टीसीएफ यांची कॅनडासाठीची परीक्षा लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो. म्हणजे कर्जही झाले असते आणि कागदही चुकीचा हाती आला असता. मी तिला म्हटले, “बाई, आधी एक महिना फुकटच्या साधनांवर रोज अर्धा तास बस. टिकलीस तर आवाज असलेले एकच पुस्तक घे आणि शेवटपर्यंत ने. शिक्षकाला पैसे शेवटी दे, बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या चुका काढण्यासाठी. त्या स्वतःच्या स्वतःला दिसत नाहीत.” कर्ज काढले नाही. मुलगी आज निम्म्या पुस्तकापर्यंत आली आहे.

तिच्यासोबत आता आणखी चौघे आहेत. रविवारी सकाळी आमच्या कचेरीत एकच पुस्तक पाच जण वाचतात. एकट्याचा अभ्यास एकट्याच्या संपासारखा असतो, दुसऱ्या आठवड्यात मोडतो. संपाला फ्रेंचमध्ये ‘ग्रेव्ह’ म्हणतात. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी त्या नावाचा चौक होता. कामाच्या शोधातले मजूर तिथे सकाळी उभे राहत, त्यावरून हा शब्द आला. मी हे सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आपला बोईसरचा नाका!” तो शब्द आता त्याला जन्मभर पाठ राहील.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. अमेरिकेने इंधनाचा हात आखडता घेतला तेव्हा १९८२ साली फ्रान्सशी करार झाला आणि पुढची काही वर्षे ते इंधन फ्रान्सने पुरवले. इतक्या दूरच्या देशाची वस्तू आपल्या दारात येते, तिच्या अंगावर त्या देशाची अक्षरे असतात. ती वाचणारी चार माणसे आपल्या वस्तीत असावीत, एवढेच माझे मागणे आहे. माझा तो सोबती आज सभेला आला आहे, पुढच्या रांगेत बसला आहे. पाटी वाचता येणारा एक जण जरी त्या रात्री पाळीवर असता, तर त्याच्या टाळीचा आवाज आज आणखी मोठा आला असता.