आपल्या वर्गातली चित्रकार



आयोजकांनी मला 'संगणक आणि आपण' हा विषय दिला होता. तो राहू दे. मी आपल्या वर्गातल्या चित्रकार मैत्रिणीबद्दल बोलणार आहे. नाव घ्यायचं नाही, अशी तिची अट आहे. पण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्हींना 'ए' ग्रेड कुणाला होती, ते चित्रकलेच्या बाईंना नक्की आठवत असेल.

ती व्यक्तिचित्रं करते, समोर माणूस बसवून, तैलरंगात. तीन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "परदेशात चित्र पाठवायचंय, ऑनलाइन फॉर्म तू भरून दे." मला वाटलं, तासाभराचं काम. तेव्हापासून मी तिची बिनपगारी कारकून आहे!

पहिलाच अनुभव कडू होता. तिकडच्या एका गॅलरीचं भरभरून कौतुकाचं पत्र आलं. ती हरखून गेली. मी शेवटचं पान वाचलं, तर भिंतीचं भाडंही तिनंच भरायचं आणि चित्र पाठवण्याचा खर्चही तिचाच. निवड अशी काही नव्हतीच. हे सांगितल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग खऱ्या जागा शोधल्या. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ पोर्ट्रेट पेंटर्सच्या वार्षिक प्रदर्शनासाठी सदस्य नसलेलेही चित्र पाठवू शकतात. अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर पारितोषिक २००६ साली मुंबईच्या वासुदेव कामतांना मिळालं, तेही पत्नीच्या व्यक्तिचित्राला. राजा रविवर्म्याची दहा चित्रं तर १८९३ सालीच शिकागोच्या प्रदर्शनात होती. म्हणजे वाट जुनी आहे.

आधी फोटोवरून निवड होते, मग मूळ चित्र मागवतात. त्या फोटोपायी आमचे किती रविवार गेले! तैलरंगाची चकाकी कॅमेऱ्यात पांढरी उठते. शेवटी एका ढगाळ दुपारी जमलं. चित्र परत येणार असेल तर एटीए कार्ने नावाचं कागदपत्र काढता येतं. आपल्याकडे ते फिक्की देते आणि मुदतीत चित्र परत आणलं तर तिकडे जकात पडत नाही. "आणि विकलं गेलं तर?" असं तिनं विचारलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा आईचं चित्र पहिल्या फेरीतून पुढे गेलं आणि मूळ चित्र पाहून परत आलं. कारण कुणी कळवत नाही.

आता तिला आपल्या शाळेच्या शिपाईमामांचं चित्र करायचं आहे. रोज दोन तास, आठ दिवस बसावं लागेल. मामा म्हणतात, "मला तिकडं कोण बघणार?" ते आज पहिल्याच रांगेत बसले आहेत. बाई, तुमचा शब्द ते मोडत नाहीत. जेवणाची पानं वाढायच्या आत तेवढा त्यांचा होकार घ्या.