बोट आणि हलतें चित्र

मुलुंडाहून निघालेली गाडी ठाणें ओलांडून थोड्याच वेळांत कल्याणास पोंचते. या कल्याणांत १८९२ सालीं महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ नांवाचा खेळ लोकांपुढें मांडला. ल्यूमिएर बंधूंचीं चित्रें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत दिसलीं तीं त्यानंतर चार वर्षांनीं, जुलै १८९६ मध्यें. पटवर्धनांचें साधन म्हणजे कंदील, भिंगें आणि काचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें. एकाच पात्राच्या क्रमानें बदलत जाणाऱ्या मुद्रा दिव्यापुढून झपाट्यानें सरकविल्या कीं पडद्यावर तें पात्र हालूं लागे. हाताची गति हीच चित्राची गति. हात थबकला कीं पात्रहि थबके.

सिनेमाच्या यंत्रानें ही सत्ता हाताकडून काढून घेतली. दादासाहेब फाळके यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून महिन्याभराचा काळ पडद्यावर कांहीं क्षणांत दाखविला. भांडवलवाल्यांची खात्री पटविण्यास तें पुरेसें झालें. पण ‘जरा थांबा, तो कोंब पुन्हां दाखवा’ असें म्हणण्याची सोय प्रेक्षकास नव्हती.

आज मुलुंडांतील एखाद्या घरीं शाळकरी मुलगी टॅब्लेटवर तोच धडा उघडते, तेव्हां ही सोय तिला असावयास हवी. काचेखालीं विद्युत्वाहक पदार्थाची सूक्ष्म, पारदर्शक जाळी असते. बोट जवळ येतांच तेथील विद्युत्भार किंचित् बदलतो, आणि बोट कोठें आहे हें यंत्र सेकंदास साठ किंवा त्याहून अधिक वेळां मोजतें. बोटानें कापलेल्या अंतरास पडद्याच्या रुंदीनें भागिलें कीं शून्य आणि एक यांमधील अपूर्णांक मिळतो. अर्धें अंतर, तर अर्धी वाढ. बोट मागें आणलें, तर अंकुर पुन्हां बियांत शिरतो. गणित एवढेंच.

पुष्कळ ॲपांत मात्र एवढेंहि केलेलें नसतें. बोट लागतांच चित्र सुटतें आणि शेवट गांठीपर्यंत कोणाचें ऐकत नाहीं. मूळ आधीं निघतें कीं कोंब, हें पाहण्यासाठीं मुलीनें धडा उघडलेला असतो, आणि नेमका तोच भाग पाऊण सेकंदांत निसटून जातो. (मूळ आधीं निघतें, पण हें तिला कोणी सांगून नव्हे, पाहून कळावें.) ती पुन्हां पुन्हां काच दाबते, आणि घरचीं माणसें तिलाच अधीर म्हणतात! दोष रचनाकाराचा आहे.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. आपोआप चालणारें चित्र आरंभीं हळू, मध्यें जलद आणि शेवटीं पुन्हां हळू चालविण्याची रीत आहे. ती डोळ्यांस सुखकर वाटते. परंतु बोट काचेवर असतांना हीच चढउतार ठेवली, तर चित्र कधीं बोटाच्या मागें रेंगाळतें, कधीं पुढें धांवतें. म्हणून बोट टेकलेलें असेतों प्रमाण सरळ असावें आणि बोट उचलल्यावरच ती रीत लागू व्हावी. उचलतेवेळीं बोटाला जो वेग होता, त्याच वेगानें चित्रानें पुढें निघावें. आणि वाटेंत पुन्हां बोट टेकलें, तर जेथें असेल तेथेंच थांबावें.

सकाळच्या लोकल गाडींत उभ्या असलेल्या माणसाची अडचण निराळी. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यांत फोन, आणि मोकळा काय तो अंगठा. गाडीच्या हिसक्यानें तो थोडासा घसरतोच. म्हणून पहिलें थोडें अंतर मोजूंच नये. त्या अंतरांत बोट आडवें जात आहे कीं उभें, हें पाहून चित्र चालवावयाचें कीं पान सरकवावयाचें, हें ठरवावें.

आणि ज्या आजोबांचा हात कांपतो, त्यांनीं काय करावें? त्यांना ओढणें जमत नाहीं, पण एकदां टेकणें जमतें. वेबविषयक सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या २०२३ च्या आवृत्तींत, ओढून करावयाचें काम न ओढतांहि करतां यावें, असें कलम घातलें गेलें. आपोआप सुरू होऊन पांच सेकंदांहून अधिक काळ इतर मजकुराशेजारीं चालणारें चित्र थांबवितां आलें पाहिजे, हा नियम त्याहून जुना आहे. चित्राखालीं ‘थांबा’, ‘एक पाऊल मागें’ आणि ‘एक पाऊल पुढें’ अशीं तीन ठसठशीत बटणें ठेवलीं, तर नात व आजोबा एकाच टॅब्लेटवर तो अंकुर आपापल्या चालीनें पाहूं शकतील.