भिंतीआडचा माणूस



कामगार संघटनेत काम करणारा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस आणि महागाई भत्ता यांवरच बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. मी मात्र आज बिनतारी लहरींवर बोलणार आहे. चार भिंतींच्या आत एखादी वस्तू किंवा माणूस नेमका कोठे आहे हे या लहरींवरून कसे ओळखतात, आणि त्या ओळखीवर किती विसंबावे, हा आजचा विषय. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा पांडित्याची भीती आपण बाळगू नये.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी आपल्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरजवळच्या वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. डझनाहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी शंभराच्या आसपास माणसे आत होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. अशा प्रसंगी फाटकावर जमलेल्या बायकामुलांचा प्रश्न एकच असतो : आमचा माणूस कोठे आहे? हजेरीपट फार तर तो आत आला एवढे सांगतो. आत कोठे, ते सांगत नाही. म्हणून हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नाही, तो आपलाही आहे.

आपण म्हणाल, मोबाइलमध्ये जीपीएस असतेच की! असते; पण त्याचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर आहेत. तेथून येणारी लहर खाली पोहोचेपर्यंत अगदी क्षीण होते. स्लॅब किंवा पत्र्याचे छप्पर ओलांडणे तिला जड जाते. म्हणून छपराखाली दुसरी सोय लागते. वाय-फाय किंवा ब्लूटूथची जी यंत्रे आतच बसवलेली असतात, त्यांच्याकडून हे काम करून घेतात.

त्याच्या मुख्य रीती दोन. पहिली लहरीच्या जोरावरून. यंत्राजवळ जोर अधिक, लांब गेल्यावर कमी. २००० साली परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन या दोन संशोधकांनी अमेरिकेत एका इमारतीच्या मजल्यावर तीन केंद्रे ठेवली, सत्तर ठिकाणी उभे राहून प्रत्येक ठिकाणचा जोर नोंदवला आणि त्या नोंदींशी ताडून जागा ओळखून दाखवली. अंदाज साधारणपणे दोन ते तीन मीटरच्या आत येई. दुसरी रीत वेळेवरून. लहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. तिला जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजले की अंतर कळते. आणि तीन-चार केंद्रांपासूनची अंतरे कळली की जागा कळते. २०१६ पासून वाय-फायच्या प्रमाणात या मोजणीची सोय झाली. तिने फरक एक-दोन मीटरवर येतो. याच कामासाठी केलेल्या खास पट्ट्याच्या यंत्रांनी तो हातभराच्याही आत येऊ शकतो.

पण हे सारे मोकळ्या जागेत. विहिरीत तोंड घालून हाक मारली तर आवाज चहूकडून परत येतो, आणि मूळ आवाज कोणता ते कळेनासे होते. लोखंडी यंत्रे, पत्र्याच्या भिंती, पाइपांचे ढीग यांच्यावर आपटून लहरींचे तसेच होते. माणसाच्या शरीरात पाणी असते, तेही लहर शोषते; म्हणून माणूस पाठ फिरवून उभा राहिला तरी आकडा बदलतो. सकाळी रिकामे असलेले गोदाम संध्याकाळी पोत्यांनी भरले की जुन्या नोंदी चुकू लागतात. पडद्यावर दिसणारा ठिपका हा खरे पाहता ठिपका नसतो, ते एक वर्तुळ असते. माणूस त्यात कोठेतरी असतो.

धुराने भरलेल्या शेडमध्ये तीन मीटरचे वर्तुळ म्हणजे देवाची कृपा. जवान थेट त्या कोपऱ्याकडे जाऊ शकतो. पण पगारकपातीला तीन मीटर फार झाले, कारण तेवढ्यात एक भिंत येते. आमच्याकडे असे एक प्रकरण आले होते. कारखान्याचे नाव घेत नाही. पॅकिंगमधल्या एका भगिनीला चाळीस मिनिटे कँटीनमध्ये बसल्याबद्दल मेमो मिळाला. कँटीन तिच्या टेबलाच्या पाठीमागच्याच भिंतीपलीकडे होते. आम्ही तिचा बिल्ला त्याच टेबलावर ठेवून पडदा पाहण्याचा आग्रह धरला. बिल्ला जागचा हलला नाही, ठिपका मात्र दोनदा कँटीनमध्ये जाऊन आला. मेमो मागे घेतला गेला. पण ज्याच्या पाठीशी संघटना नाही, त्याने काय करावे?

ही पाळत नवी नाही. नागपूर महापालिकेने २०२० पूर्वीच सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएसची घड्याळे बांधली होती. ती उघड्या रस्त्यावरची गोष्ट. आता ती छपराखाली येत आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला हे खरे. पण २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात, नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराची माहिती संमतीवाचून वापरता येईल, अशी तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या भरवशावर स्वस्थ बसता येणार नाही. करार करून घ्यावा लागेल.

यंत्र फोडा असे मी सांगणार नाही. वाघाडीनंतर तसे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही. आपण मागावे ते असे : बिल्ला सुरक्षिततेसाठी असेल तर तो सर्वांना द्यावा, कंत्राटी कामगारालाही, कारण धोक्याच्या जागी पुष्कळदा तोच उभा असतो. त्या यंत्राची चूक किती मीटरची, ते कामगारांच्या प्रतिनिधीसमोर त्याच शेडमध्ये, यंत्रे चालू असताना, मोजून फलकावर लावावे. पाळी संपल्यावर सर्व माणसे सुखरूप बाहेर पडली की त्या दिवसाची नोंद पुसावी. आणि नुसत्या ठिपक्याच्या पुराव्यावर कोणाचाही पगार कापू नये, कोणालाही मेमो देऊ नये.

श्रोत्यांत कारखानदार मंडळीही बसली आहेत, त्यांना माझी विनंती आहे. या अटी मान्य झाल्या तर कामगार तो बिल्ला आपण होऊन गळ्यात घालील. नाही तर तो काढून खुंटीला अडकवून ठेवील, आणि स्फोटाच्या दिवशी पडद्यावर खुंटी दिसेल, माणूस दिसणार नाही. याचा विचार आपण करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.