‘पहिली’ या शब्दाचा हिशेब



पदवी मिळाली त्या दिवशी मला एकानं विचारलं, “घरातली पहिलीच ना तू?” मी अभिमानानं हो म्हटलं. आज या ‘पहिली’ शब्दाबद्दलच बोलायचं आहे, मेरियन अँडरसन यांच्या निमित्तानं.

मेरियन यांचा जन्म १८९७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात, कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील लवकर गेले. आईनं लोकांचे कपडे धुऊन, साफसफाई करून तीन मुली वाढवल्या. मेरियन चर्चमध्ये गायच्या. संगीत शाळेत प्रवेशाला गेल्या, तर आम्ही काळ्यांना घेत नाही, एवढंच उत्तर मिळालं. त्यांचं गाणं कुणी ऐकलंसुद्धा नाही. मग चर्चच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांच्या शिकवणीची फी भरली.

पुढे युरोपनं त्यांना डोक्यावर घेतलं. असा आवाज शंभर वर्षांतून एकदा ऐकायला मिळतो, असं टॉस्कानिनी म्हणाले. तरीही १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलनं त्यांच्या रंगामुळे त्यांना जागा नाकारली. ९ एप्रिलला त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या. समोर ७५ हजार माणसं होती.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात मात्र त्या उभ्या राहिल्या ७ जानेवारी १९५५ रोजी, वेर्दीच्या ऑपेरातल्या उलरिकाच्या भूमिकेत. तिथं प्रमुख भूमिका गाणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. तेव्हा त्यांचं वय होतं ५७. गळ्याची ऐन उमेदीची वर्षं दाराबाहेर गेली होती.

मित्रांनो, दार उघडणाऱ्याचं कौतुक होतं. ते इतकी वर्षं बंद कुणी ठेवलं, हे कुणी विचारत नाही. आपल्याला मात्र रोज विचारतात, तुमचं मेरिट किती? मेरियन यांच्याकडे मेरिट कमी होतं का? ‘पहिली’ हा शब्द माझं कर्तृत्व सांगतो, तसंच माझ्या आईला, आजीला बाहेर कुणी ठेवलं, हेही सांगतो.

आणखी एक. माझी पहिली फी आईच्या भिशीतून भरली गेली. तुमच्याही मागे अशी एखादी वर्गणी असेल. मेरियन यांना १९४१ मध्ये १० हजार डॉलरचं बक्षीस मिळालं, त्यातून त्यांनी तरुण गायकांसाठी पुरस्कार सुरू केला. आपल्याला पहिलं व्हावं लागलं. आपल्या मागून येणाऱ्यांना तरी वयाच्या ५७ व्या वर्षापर्यंत थांबावं लागू नये.

जय भीम.